बरणीतला सातवा तुकडा

"अरे, हलू देऊ नका त्याला," प्राण्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. ढब्बूचे चारही पाय एकदाचे काट्यावर आले. अठरा किलो दोनशे!

"उतरायचं सोडून दोनशे ग्रॅम चढलाय. वजन उतरल्याशिवाय त्याला भूल द्यायची नाही, आणि भुलीशिवाय गुडघ्याची शस्त्रक्रिया नाही. वाघी, पुढच्या शनिवारीही असंच असलं, तर ढब्बूच्या खाण्याची वाटी शिट्टीकडे."

शिट्टी म्हणजे वाघीची आतेबहीण. सुट्टीला आली आणि पहिल्याच दिवशी तिनं शिट्टी वाजवली, तर ढब्बू वाघीच्या मांडीवरून उठून लंगडत तिच्याकडे गेला! वाघीचाच कुत्रा! तेव्हापासून वाघीच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर कुठलंच औषध चालेना.

घरी येताच तिनं धाकट्या भावाला गाठलं. तो सतत मागे मागे असे, म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत. "शिट्टीच त्याला चोरून खाऊ घालते. वाटी हवीय ना तिला."

"पुरावा?" शेपटानं विचारलं.

"शोधायचा."

दोन दिवस दोघं शिट्टीच्या पाळतीवर होते. ती ढब्बूला हळूहळू फिरवायची, पाणी पाजायची, बस. तिसऱ्या दिवशी तिनं दोघांना सायकलींमागे पकडलं.

"माझ्यामागे काय फिरताय? ढब्बूच्या मागे फिरा की."

मुद्दा बरोबर होता, आणि तो हिला सुचावा याचा वाघीला जास्तच राग आला. तरी दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं जुन्या खेळण्यातली घंटी काढून ढब्बूच्या पट्ट्याला बांधली. घंटी थांबली की एकानं जाऊन बघायचं, आणि ढब्बूला मिळालं असेल तेवढाच तुकडा बरणीत टाकायचा, असं तिघांचं ठरलं.

सकाळी घंटी आजोबांच्या आरामखुर्चीपाशी थांबली. वर्तमानपत्राखालून टोस्ट सरकला. मग बाबांच्या बुटांपाशी. मग ओट्याखाली, काकूच्या पायांशी. दुपारी पुन्हा तीच फेरी. आणि हीच मंडळी आदल्या दिवशी म्हणाली होती, "आम्ही? छे, कणसुद्धा नाही!"

संध्याकाळी शिट्टीनं बरणी टेबलावर ठेवली.

"मी एकच दिला होता," आजोबा म्हणाले.

"मीही एकच," बाबा म्हणाले.

"माझा तर किती लहान," काकू पुटपुटली.

"प्रत्येकाचा एकच, तोही दोनदा," शेपूट म्हणाला. "सहा झाले."

रोज पहाटे, शिट्टी उठायच्या आत, वाघी उशीखालचं बिस्किट ढब्बूला देत असे. त्यानं आधी आपल्याकडे यावं म्हणून. आजही दिलं होतं, घंटी बांधायच्या आधी. कुणाला कळलं नसतं. सांगितलं तर वाटी जाणार, आणि जाणार कुणाकडे, तर हिच्याकडे! ती उठली, उशीखालचं बिस्किट आणलं आणि बरणीत टाकलं.

"सात," ती म्हणाली. "हा माझा."

शनिवारी काटा सतरा किलो नऊशेवर थांबला. डॉक्टरबाईंनी बरणीची हकिकत ऐकली आणि घरच्या मोठ्यांकडे चष्म्यावरून असं पाहिलं, की आजोबासुद्धा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"इतकी वर्षं मी कुत्र्यांची वजनं उतरवते," त्या म्हणाल्या, "पण घरातला चोर इतक्या लवकर कुणी पकडला नव्हता. शाबास रे तिघांची! वाटी मात्र..."

"शिट्टीला द्या," वाघी खाली मान घालून म्हणाली.

"मला नको," शिट्टी म्हणाली. "शिट्टी वाजवली की तो येतो, पण झोपतो तुझ्याच पायांशी. मला किती राग यायचा, माहितीये?"

वाघीनं चमकून वर पाहिलं. म्हणजे हिच्याही पोटात दुखत होतं!

"ज्यानं स्वतःचा तुकडा स्वतः टाकला, त्याच्याच हातात वाटी राहू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या. आजोबांनी वाघीच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर पडताच शिट्टीनं शिट्टी वाजवली. ढब्बू निघाला तिच्याकडे, घंटी वाजवत. वाघीच्या पोटात दुखलंच, थोडंसं. मग तीही त्यांच्यामागे धावली.