बादली क्रमांक चव्वेचाळीस

यातलं काहीही मी रंगवलेलं नाही. रंगवायला वाव असता तर बरंच झालं असतं.

एवान्थिया माझी मावसबहीण. जे घडलं ते तिच्या बाबतीत घडलं. तिने एकदाच सांगितलं, तेही सगळे दिवे लावून.

सतरा जुलै. बुधवार. दुपारी एक वाजून वीस मिनिटं.

हो, दुपारी. आमच्याकडे जुनी माणसं रात्रीपेक्षा भर दुपारला जास्त भितात. गाव दारं लोटून झोपलं की विहिरीपाशी थांबू नये म्हणतात. आणि नावाने हाक आली तर लगेच ओ देऊ नये. माणूस तिसऱ्यांदाही हाक मारतो.

ते मात्र दोनदाच मारतं.

जागा म्हणाल तर ग्रीसमधल्या आर्गोसच्या मैदानाकडे उतरणाऱ्या एका टेकडीवरचं उत्खनन. तिथली एक पुरातन विहीर. अकरा मीटर खोल. रुंदी इतकीच, की दोन्ही कोपरं जरा पसरली तर भिंतीला घासावीत.

एवान्थियाचं काम खापऱ्यांचं. मडक्यांचे तुकडे बघून ती थराचं वय सांगते. तिच्या धंद्यातला एक नियम तेवढा ध्यानात ठेवा.

थरात हजार तुकडे जुने असोत. वय ठरवतो तो सगळ्यात नवा तुकडा. तो पडल्याशिवाय थर बंद झालेला नसतो.

ही विहीर कधी बुजली यावरून तिचं आणि उत्खननाच्या प्रमुखाचं तीन वर्षं वाजत होतं. पुरावा तळातल्या थरात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर काँक्रीटचं झाकण बसणार होतं. कायमचं. रोज खाली उतरणाऱ्या कामगाराची नेमकी त्या बुधवारीच पाठ धरली.

म्हणून कमरेला दोर बांधून ती स्वतः उतरली.

"प्रोफेसरीणबाई, शंभर वर्षं इकडची तिकडे झाली तर भांडायला कोण येणारे? मेलेले?" रहाटावरचा सारान्दिस म्हणाला. तीस वर्षं उत्खननांवर मिस्त्री. त्याने तिला कधी नावाने हाक मारली नाही.

"तू त्यांच्यात गेलास की विचारून ठेव," सावलीत खापऱ्या धूत बसलेली त्याची बायको आर्गिरो म्हणाली. मग एवान्थियाकडे वळून, "पोरी, ही उतरायची वेळ आहे का? जेव, पड जरा, पाचला उतर."

"पाचला उजेड तिरका होतो, मावशी. तासाभरात येते."

"मग तो गळ्यातला क्रॉस तरी आत घाल. अडकेल कुठेतरी."

तिने क्रॉस सदऱ्याच्या आत टाकला. बाप्तिस्म्याचा, चांदीचा. दात येताना तिने चावून त्याचा एक हात वाकवलेला. खिशात आधीच लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या होत्या, एकोणचाळीस ते चव्वेचाळीस. बादली भरली की चिठ्ठी बांधायची, "विरा" म्हणून ओरडायचं, की सारान्दिस रहाट फिरवून बादली वर घेणार.

*बादली ३९. तळचा थर. १७ जुलै. ए.*

गेली. रिकामी परत आली.

*बादली ४०. तळचा थर. १७ जुलै. ए.*

गेली. रिकामी परत आली.

*बादली ४१. तळचा थर. १७ जुलै. ए.*

गेली.

आणि लगेच परत आली...

भरलेली.

आत तोच गाळ. त्याच खापऱ्या. कडीला तिचीच चिठ्ठी, ४१.

"सारान्दिस, चेष्टा पुरे."

वरून उत्तर नाही.

बादली भिंतीला टेकली, कलंडली, आणि सगळा माल तिच्या पावलांवर सांडला. मग वर गेली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं.

रहाट करकरत नव्हता... झाडांवर दुपारभर किरकिरणारे किडेसुद्धा गप्प होते.

बादली उतरली. *४०.* सांडली.

बादली उतरली. *३९.* सांडली.

आता घोट्यापर्यंत.

*३८.* काल काढलेली.

*३५.*

*३१.*

अकरा दिवस खपून जे वर पाठवलं होतं ते खाली येत होतं. उलट्या क्रमाने. म्हणजे पहिल्यांदा पडलं होतं त्याच क्रमाने... तळचं आधी, वरचं नंतर. कुणीतरी विहीर पुन्हा बुजवत होतं. थर न चुकवता.

फक्त या वेळी तळाशी ती उभी होती.

तिने कमरेचा दोर ओढला. तीनदा. मला वर घ्या, अशी ती खूण.

दोर सैल लागला. तिने आणखी ओढला. तो येतच राहिला. वेटोळ्यांवर वेटोळी, तिच्या डोक्यावर, खांद्यावर... आणि शेवटी नुसतं टोक.

*२२.*

गुडघ्यापर्यंत. गाळ असा आवळला होता, जणू कधी उपसलाच नव्हता. वर ताटलीएवढं आकाश. त्यात कुणाचं डोकं नाही, हात नाही. बादली तेवढी उतरत होती.

मग हाक आली.

"एवान्थिया."

सारान्दिसचा आवाज. अगदी हुबेहूब. जीव भांड्यात पडला तिचा. ओ द्यायला तिने तोंड उघडलं...

आणि थांबली.

सारान्दिस तिला प्रोफेसरीणबाई म्हणतो. आर्गिरो पोरी म्हणते. वर तिला नावाने हाक मारणारं कुणीच नव्हतं.

तिने हाताने तोंड दाबलं.

"एवान्थिया."

दुसरी हाक वरून आली नाही.

पायांखालून आली.

ती तिसरीची वाट बघत राहिली. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. तिसरी आली नाही. पण ऐकणारं कुणीतरी आहे, श्वास रोखून आहे, एवढं मात्र कळत होतं.

तिला तो नियम आठवला. सगळ्यात नवा तुकडा. तो पडल्याशिवाय थर बंद होत नाही. आणि या थरात सगळ्यात नवी ती होती.

ती वाकली. गाळात खांद्यापर्यंत हात घातले, चाचपून बुटांच्या नाड्या सोडल्या, कमरेचा दोरही सोडला. पाय निघाले, बूट राहिले. भिंतीत पाय रोवायला जुन्या विहिरवाल्यांनी खोबणी खोदलेल्या असतात. त्यांत अनवाणी बोटं रुतवत ती चढली. खाली बघितलं नाही. अर्ध्या वाटेवर बादली शेजारून खाली गेली. तिच्या कानाला घासून. तीही तिने बघितली नाही.

वर सारान्दिस कलिंगड खात होता.

"काय हो प्रोफेसरीणबाई, इतक्यात? एक्केचाळीस वर घेतली तिला दोन मिनिटं नाही झाली. फोडसुद्धा संपली नाही माझी."

बादली रहाटाला टांगलेली. रिकामी. तिच्या कमरेचा दोर खुंटाला बांधलेलाच, दुसरं टोक विहिरीत.

आर्गिरो तिच्या पायांकडे बघत होती.

"बूट कुठे गं?"

एवान्थियाने खिसा उलटा केला. दोनच चिठ्ठ्या निघाल्या. बेचाळीस आणि त्रेचाळीस.

आर्गिरोने पाणी आणलं. तिचे पाय मांडीवर घेऊन धुवून दिले, आणि मग कितीतरी वेळ सोडले नाहीत.

सकाळी सारान्दिस खाली उतरला. तळ झाडून काढावा तसा साफ होता. बूट नव्हते. तिच्या डोक्यावर कोसळलेला दोरही नव्हता. वर येऊन त्याने छातीवर क्रॉसची खूण केली आणि झाकणवाल्यांना म्हणाला, "टाका."

इथे संपलं असतं.

फेब्रुवारीत ती कोठारात त्या विहिरीची पोती मोजायला गेली. बादलीमागे एक पोतं, म्हणजे एक्केचाळीस असायला हवीत. मोजली. पुन्हा मोजली.

बेचाळीस होती.

शेवटच्या पोत्यावर चिठ्ठी, *बादली ४४. तळचा थर. १७ जुलै. ए.* अक्षर तिचंच.

आत गाळाची ढेकळं. तिने एकटीने धुतली. आधी बारीक धातूच्या कड्या निघाल्या, बुटाची नाडी ओवायच्या असतात तशा. हिरव्या पडलेल्या, चुन्याचा दगडासारखा थर चढलेल्या. तसला थर चढायला शेकडो वर्षं लागतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग तळाशी आणखी एक गोष्ट.

छोटा चांदीचा क्रॉस. काळा पडलेला. एक हात वाकलेला.

तिचा हात गळ्याकडे गेला.

क्रॉस गळ्यातच होता.

अहवालात तिने सगळं भरलं. विहीर कधी बुजली, तेवढा रकाना कोरा ठेवला. प्रमुखाला वाटलं, तिने हार मानली.

क्रॉस ती अजून घालते. परवा जेवताना सारखा चाचपत होती. मी म्हटलं, "इतकी भीती वाटते तर काढून फेकून दे ना."

तिने घास खाली ठेवला.

"आणि तो जाऊन पडेल कुठे?"