तासाला एक टिंब

त्या दिवशीही ती कारखान्यात आठच्या भोंग्याला मशीनवर बसली. शर्टाच्या कॉलरी शिवायच्या, मान वर करायची नाही. घरी सहा महिन्यांचं बाळ आणि सासूबाई. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर.

ऐंशी मशीनं एकदम चालायची. त्या खडखडाटात फोनची रिंग कुणाला ऐकू येणार? मेसेजचं मात्र सुख होतं. कमरेला खोचलेला फोन नुसता थरथरायचा. मांडीवरच्या कापडाआड एक नजर टाकली की झालं, साहेबाला पत्ता नाही. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून तिनं त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. तासाला एक टिंब पाठवायचं. टिंब आलं म्हणजे बाळ ठीक. ‘‘शाळेची पायरी न चढता पास केलंस गं मला,’’ म्हणून सासूबाई हसल्या होत्या.

नऊचं टिंब आलं. दहाचं आलं नाही. दहा वीसला फोन थरथरला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. वाकून पाहिलं, तर टिंब नव्हतं. अक्षरं होती.

‘बाळ झोपलं.’

शेजारणीनं लिहून दिलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. मग आठवलं, शेजारच्या घराला महिनाभर कुलूप आहे.

अकराला आलं, ‘दूध प्यायलं.’ आणि लगेच दुसरं, ‘नखं वाढली होती. कापली.’

नखं उद्या कापू, असं काल झोपताना तिनं फक्त मनात म्हटलं होतं. तोंडातून शब्द काढला नव्हता.

ती उठून संडासात गेली, दाराला पाठ लावून फोन लावला. सासूबाईंचा फोन बंद असल्याचं फोनमधली बाई सांगत राहिली. तिनं फोन कानापासून दूर केला, तोच हातात थरथर.

‘फोन नको करू. बाळ दचकतं.’

बंद फोनवरून आलेला मेसेज ती बघत राहिली. मग पळत साहेबाच्या टेबलापाशी गेली. त्याच्या चिठ्ठीशिवाय फाटक उघडत नसे. बाळाला बरं नाही म्हणाली, मेसेज दाखवले, रडली, हात जोडले. फोनमध्ये निरोप येतोय म्हणजे बाळ जिवंत आहे, तो म्हणाला, एकच्या सुट्टीपर्यंत काही मरत नाही. दोघी-तिघी हसल्याही.

ती मशीनवर येऊन बसली. कॉलर सरळ केली. आणि डाव्या हाताचं बोट सुईखाली ठेवून पायानं पेडल दाबलं.

शेजारच्या मशीनवरची मावशी किंचाळली. चिठ्ठी मिळाली. दवाखान्याच्या वळणावर न वळता, बोटाला चिंधी गुंडाळून ती घराकडे धावत सुटली.

दाराला आतून कडी नव्हती. घरात गार वाटत होतं, आणि ओल्या कापडाचा, कोंदलेला वास. पाळणा हळूहळू हलत होता. बाळ कोरडं, पोट भरलेलं, टक्क जागं. तिनं त्याच्या दोन्ही मुठी उघडल्या. दहाही नखं सारखी कापलेली.

मोरीच्या दारावर आतून कुणीतरी हलकेच थापा मारत होतं.

तिनं खांद्यानं दार ढकललं, आतली कडी निखळली. सासूबाई फरशीवर पडल्या होत्या, पाय भलतीकडे वळलेला, ओठ निळे.

‘‘टिंब पाठवायला फोन काढला... नि पाय सरकला,’’ त्या पुटपुटल्या. ‘‘बाळ रडत होतं... मग बाहेर कुणीतरी त्याला थोपटायला लागलं... मला वाटलं तूच आलीस. केव्हाची हाका मारतेय गं... दार का नाही उघडलंस?’’

भरलेल्या बादलीत, तळाशी, सासूबाईंचा फोन पडला होता. काळा, बंद.

मदतीला कुणालातरी बोलवायला हवं होतं. तिनं रक्ताळलेल्या हातानं स्वतःचा फोन काढला. नंबर लावण्याआधीच तो थरथरला.

‘बोटाला जप. उद्या कितीला निघतेस?’