कात्रणातला झर्मास

मार्यान्थी झर्मासनं कात्रण टेबलावर ठेवलं. समोरच्या कॉफीला तिनं हातही लावला नाही.

"शनिवारी व्होलोसच्या वाचनालयाला बाबांचं नाव द्यायचा ठराव आहे, आणि काल हे निनावी पाकिटातून आलं. खरं असेल तर ठराव मीच मागे घ्यायला लावीन."

खाजगी तपासनीस एरास्मियाबाईंनी चष्मा लावला. कात्रण १९७० चं, थेसालोनिकीच्या वर्तमानपत्रातलं. तेव्हा ग्रीसवर सत्ता बळकावलेल्या लष्करी कर्नलांच्या राजवटीनं एका प्राध्यापकाला बडतर्फ करून बेटावर डांबलं होतं. त्याबद्दल सरकारचे जाहीर आभार मानणाऱ्या विद्यार्थ्यांची ही यादी. 'निकोस रिगास, दिमित्रिओसचा. पावलोस वेनेस, मानोलिसचा.' शेवटी 'स्तामातिस झर्मास', आणि लगेच कात्रीची कड.

"तुमच्या बाबांचं नाव तर स्वच्छ छापलंय," बाईंचा मदतनीस फोतिस म्हणाला. निवृत्त पोस्टमन, पत्ता सापडला की त्याचं काम संपायचं. "आता शोधायचं काय?"

"तू कॉफी पी," बाई म्हणाल्या. "घरचे काय म्हणतात?"

"भाऊ लेओनिदास म्हणतो, फाडून टाक. आजोबांचं नाव घेतलंय, डोकंही त्यांचंच. ताकिसकाका, बाबांचे चुलतभाऊ, म्हणतात गाजावाजा नको, ठराव सोड. आत्ता त्यांच्या थोरल्या मुलानं, थोमासनंच मला गाडीतून आणलं."

ठरावाला विरोध एकाचाच होता, हेडमास्तर पांडेलिसचा. तो भडकलाच. "निनावी? बाई, झर्मासविरुद्ध माझी तीन पत्रं छापून आलीत, सहीनिशी!"

ताकिसकाका आपल्या दुकानात खिळे तोलत होते. "कॉलेजचं मला काय विचारता? मी ती पायरीच चढलो नाही. जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं झालंय?"

दुसऱ्या दिवशी थेसालोनिकीच्या ग्रंथालयात फोतिसनं जुना अंक उघडला. नेमकं तेच पान कापून नेलेलं.

"संपलं," तो म्हणाला.

"१९६८ चा सप्टेंबर काढ. मार्यान्थीचे बाबा कॉलेजात गेले त्या वर्षीची, प्रवेश मिळालेल्यांची यादी," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी बाईंनी मार्यान्थी आणि ताकिसकाकांना घरी बोलावलं.

"कात्रणात प्रत्येकापुढे बापाचं नाव आहे," बाई म्हणाल्या, "फक्त झर्माससमोर नाही. ते कापलंय. स्तामातिसला बदनाम करायचं तर त्याच्या बापाचं नाव राहू द्यायला हवं होतं, पुरावा पक्का झाला असता. ज्या अर्थी कात्री चालली, त्या अर्थी ते नाव त्याच्या बापाचं नव्हतं."

"म्हणजे?" फोतिस म्हणाला.

"अरे, आपल्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव. मार्यान्थीचा भाऊ लेओनिदास, म्हणजे तिच्या बाबांचा बाप लेओनिदास. काकांचा मुलगा थोमास, म्हणजे काकांचा बाप थोमास. आणि हे दोघे बाप, लेओनिदास आणि थोमास, सख्खे भाऊ. दोघांनी आपापल्या थोरल्याला आपल्या बापाचं, स्तामातिसचं नाव दिलं. स्तामातिसचं लाडानं स्तामाताकिस, त्याचं ताकिस."

मार्यान्थी काकांकडे बघत राहिली. जन्मभर ती त्यांना ताकिसच म्हणत आली होती.

बाईंनी १९६८ च्या यादीची प्रत पुढे सरकवली. एकाखाली एक दोन ओळी. स्तामातिस झर्मास, लेओनिदासचा. स्तामातिस झर्मास, थोमासचा.

"पायरी चढला होतात की, काका."

"वाचनालय झालं असतं तर पेपरवाल्यांनी त्याची कॉलेजची वर्षं उकरली असती," ताकिस खाली बघत म्हणाले. "म्हणून ते पान मीच कापून आणलं, आणि ठराव थांबावा म्हणून हिला पाठवलं. यादी छापली तेव्हा धमकावून सही घेतली होती माझी. लाजेनं मी कॉलेज सोडून पळून आलो. मागे त्या नावाचा तो एकटाच उरला. कॉलेजात कोण कुणाच्या बापाचं नाव लक्षात ठेवतं? पोरं त्याच्यावर थुंकली."

"बाबांनी सांगितलं का नाही?"

"मीच पाया पडलो. माझं लग्न ठरत होतं. म्हणाला, राहू दे, महिन्याभरात विसरतील."

"विसरले?"

ताकिसांनी नकारार्थी मान हलवली. "गेल्या हिवाळ्यात त्याला दफनभूमीत पोचवायला वर्गातला एकही आला नाही."

मार्यान्थीनं यादीची प्रत घडी घालून ठेवली.

"आम्हाला वाटलं," ती म्हणाली, "पावसामुळे आले नाहीत."