शिवणकाम न्हाई, ट्रक!

"जेवणाची सुट्टी हाय, मॅडम."

काउंटरपलीकडचा तो तरुण हे बोलला खरा, पण तोंडात भाकरीचा घास होता, त्यामुळं दरारा काही पडला नाही. मी दारातच उभी. अहमदपूरहून येष्टीनं लातूरला आले होते, आणि स्टँडपासून इथवर येताना परतीच्या पावसानं असं गाठलं होतं की ओढणीतून पाणी टपकत होतं.

"सुट्टी तुमची असंल, माझी न्हाई," मी म्हणाले. "चारची येष्टी गाठायचीय मला."

त्यानं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं डबा झाकला. हात धुऊन आला आणि आधी डोक्यावरचा पंखा बंद केला. मी कुडकुडत होते, ते त्याला दिसलं होतं. एवढीशी गोष्ट... पण माझा अर्धा राग तिथंच उतरला.

उरलेला अर्धा लगेच कामाला येणार होता.

मी साक्षी. अहमदपूरजवळच्या खेड्यात आमची शेती. शाळेत असल्यापासून ट्रॅक्टर चालवते. सोयाबीन भरलेली ट्रॉली मागं घ्यायची असली की आमचे अण्णा — किशनराव — भावाला नाही, मला हाक मारतात. पण मला हवं होतं मोठ्या गाडीचं स्टिअरिंग. ट्रकचं, बसचं! लातूरच्या या 'उद्योगवाट' रोजगार केंद्रातून अवजड गाडीच्या प्रशिक्षणाचा आणि परवान्याचा खर्च मिळतो असं कळलं, तेव्हा उन्हाळ्यातच मी अर्ज केला होता. दिवाळी तोंडावर आली तरी उत्तर नव्हतं.

त्यानं संगणकात माझं नाव शोधलं. मग खालचा ओठ चावला.

"मंजुरी तर झालीय तुमची."

"खरंच?"

"हाव. पण... शिवणकामाला."

"काय? मी ट्रक लिहिलं होतं!"

"दिसून राहिलं ना मलाबी. मुलीचं नाव बघून कुणीतरी आपल्या मनानं बदललंय."

"आन् तुमचं मन काय म्हणतं?"

"माझं?" त्याचे डोळे हसले. "तुम्ही शिलाई मशीनवर बसलात, तर तिलाबी गियर टाकाल."

मला हसू आलं. भांडायला आल्यावर हसू येणं म्हणजे फार वाईट.

दयानंद त्याचं नाव. केंद्रात कंत्राटावर होता. तो मला थेट आतल्या शिवमूर्ती साहेबांकडं घेऊन गेला. साहेबांनी चष्म्यावरून मला न्याहाळलं.

"अवजड गाडीचं प्रशिक्षण नांदेडला असतं, विष्णुपुरीला. महिनाभर राहावं लागतं. तिथं मुलींची सोय नाही. एकट्या मुलीची जबाबदारी कोण घेणार?"

"सोय झाली तर, साहेब?" दयानंदनं विचारलं.

"झाली तर बघू. सोमवारी बॅच सुरू होतेय, एवढं ध्यानात ठेवा."

बाहेर आलो. पाऊस पत्र्यावर नुसता ताशा वाजवत होता. टपरीखाली दोघांपुरतीच कोरडी जागा होती, त्यामुळं चहा घेताना त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता — आणि दोघंही ते ध्यानात आलं नसल्यासारखं दाखवत होतो.

"माझी मावशी विष्णुपुरीत मेस चालवती. कॉलेजच्या पोरी राहतात तिच्याकडं," तो म्हणाला.

"माझ्यासाठी एवढं कशाला?"

"कामच हाय माझं."

"उपाशी राहून अर्जदाराला चहा पाजणं, हेबी कामात येतं का?"

त्याचे कान लाल झाले. त्यानं घाईघाईनं मावशीला फोन लावला. पार्वतीबाईंचा आवाज एवढा खणखणीत की स्पीकरची गरजच नव्हती. "खोली देते रे! पण कोण हाय ही?"

"अर्जदार हाय, मावशी."

"नुसती अर्जदार? मग तुझा आवाज का असा चिरकला?"

मी पावसाकडं तोंड केलं. हसू आवरेना.

सोय झाली, तरी साहेबांची सही होईना. शुक्रवारी मी अण्णांना घेऊनच केंद्रात गेले. आतून दयानंदचा आवाज येत होता. वेगळाच — शांत, पण ताठ.

"नाकारायचं असंल तर नाकारा, साहेब. फक्त मुलगी म्हणून नाकारलं, एवढं लिहून द्या. त्यांचे वडील बाहेर बसलेत, त्यांच्या हातात देतो."

"दयानंद, पुढच्या महिन्यात तुझं कंत्राट संपतंय. विसरू नकोस."

"न्हाई विसरलो."

माझ्या छातीत इंजिन सुरू झाल्यासारखं झालं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि मिशीवरून हात फिरवला.

साहेबांनी सही केली.

विष्णुपुरी! सकाळी गोदावरीवरून येणारं गार वारं, ट्रक शिकवणाऱ्या मलप्पा मास्तरांचा आरडाओरडा, आणि माझ्या हातात ते परातीएवढं स्टिअरिंग... पहिल्या दिवशी ट्रक हलला तेव्हा मी किंचाळलेच. बॅचमधली पोरं आधी हसली, मग आठवडाभरात ट्रक मागं कसा घ्यायचा ते मलाच विचारू लागली.

आणि रोज संध्याकाळी फोन.

"उद्योगवाट केंद्रातून बोलतोय. प्रशिक्षण समाधानकारक चालू हाय का?"

"हाय की. रविवारीबी केंद्र उघडं असतं का हो?"

"...पाठपुरावा करावा लागतो."

"सगळ्यांचा करता?"

"नेटवर्क खराब हाय इथं..."

एकदा मी विचारलंच, "केंद्रात आलेल्या झाडून सगळ्या पोरींना ताई म्हणता तुम्ही. मी ऐकलंय. मला मात्र मॅडम. असं का?"

पलीकडून आधी नुसता घसा खाकरल्याचा आवाज आला.

"म्हणून बघितलं मनातल्या मनात," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला ताई... म्हणवंना."

त्या दिवशी मला भाजीत मीठ आहे का नाही, तेही कळलं नाही.

आणि मग फोन बंद झाले. एक संध्याकाळ, दुसरी, तिसरी. मी रागावले, रुसले, आपणच फोन करायचा नाही असं ठरवलं आणि फोन उशाशी घेऊन बसले. शेवटी पार्वतीबाईंनीच ताटात भाकरी टाकता टाकता सांगितलं, "कंत्राट वाढवलं न्हाई त्याचं. तुला सांगू नको म्हणला. परीक्षा हाय तुझी."

मी हातातला घास ताटात ठेवला. माझ्यामुळं! लगेच फोन लावला, तर उचलला नाही.

परीक्षेच्या दिवशी मैदानात चिखल होता. ट्रक मागं घ्यायचा होता, दोन खांबांच्या मधून. मनात एकच — त्यानं ज्यासाठी साहेबांसमोर मान ताठ ठेवली, ते मी चिखलात घालवणार नाही. क्लच सोडला. आरशात एक खांब, दुसरा खांब... आणि ट्रक सरळ आत!

"पास!" मलप्पा मास्तर माझ्याहून मोठ्यानं ओरडले.

मी उडी मारून खाली उतरले, तर कुंपणापाशी दयानंद उभा. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पेढ्यांचा पुडा.

"नापास झाले असते तर?" मी विचारलं.

"तर मी एकट्यानं खाल्ले असते. दुःखात भूक लई लागती मला."

"नोकरी गेली, सांगितलं का न्हाई? माझ्यापायी —"

"तुमच्यापायी न्हाई. खरं बोललो म्हणून. आन् दाळमिलमध्ये हिशेबाचं काम मिळालंय, एक तारखेपासून." तो थांबला. पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "बरंच झालं म्हणा. तुमची मंजुरी माझ्या टेबलावर असताना मी काही बोललो असतो, तर तुम्हाला नाही म्हणायला जड गेलं असतं. आता मी केंद्राचा कुणी न्हाई. आता नाही म्हणता येतं तुम्हाला... मोकळेपणानं."

"कशाला नाही म्हणायचंय?"

"साक्षी," त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली, "मला तू आवडतेस. लई."

मागं बॅचमधली पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी पुड्यातला एक पेढा काढला, अर्धा त्याच्या तोंडात कोंबला, उरलेला माझ्या.

"रविवारी अहमदपूरला या," मी म्हणाले. "अण्णांना विचारायला."

"ते काय म्हणतील?"

"सही झाली त्या शुक्रवारी परतताना येष्टीतच म्हणाले ते, हा पोरगा कुणाच्या घरचा हाय, चौकशी कर." मला त्याच्याकडं बघवेना, आणि बघितल्याशिवाय राहवेना. "मी म्हणाले, आधी परवाना मिळू द्या... मग करते."