नक्षी आणि डाग

"ठेव. आधी खाली ठेव ते."

अप्पांचा आवाज असा काही चिरकला की थोरलीला हातातलं घड्याळ क्षणभर निखाऱ्यासारखं वाटलं. वास्तविक ते सुटलं होतं अप्पांच्याच थरथरत्या बोटांतून, आणि टेबलाच्या कडेवरून फरशीवर आपटायच्या आत तिने ते ओंजळीत झेललं होतं... शाबासकी राहिली बाजूलाच! तिने मुकाट्याने ते हिरव्या कापडावर ठेवलं आणि हात मागे घेतले, गेली सतरा वर्षं घेत आली होती तसे.

"लागलं का कुठे?" अप्पांनी विचारलं. तेही लेकीला नाही, टेबलापलीकडे नोंदवही उघडून बसलेल्या संग्रहालयाच्या बाईंना.

"काही झालं नाही, काका. ताईंनी वेळेवर झेललं म्हणून."

"हं," अप्पा म्हणाले. एवढंच.

अप्पा घड्याळजी होते. जन्मभर लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करून पोट भरलं आणि पोटाला चिमटा काढून जुनी खिशातली घड्याळं जमवली. पण इतरांसारखी नव्हे. वरची सोन्याची कवचं, रंगीत तबकड्या यांचं त्यांना कौतुक नव्हतं. ते घड्याळ हातात घेत आणि आधी पाठ उघडत. आत, चाकांच्या वरच्या चंदेरी पट्ट्यांवर कोण्या काळच्या कारागिरांनी लाटा कोरलेल्या असत, माशाचे खवले, सूर्याचे किरण, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं. घड्याळाच्या मालकाला जन्मात कधी दिसणार नाही अशा जागी केलेली कलाकुसर! केसाहून बारीक, दिव्याखाली तिरकी धरली तरच उजळणारी. अशी एकेचाळीस घड्याळं त्यांच्याजवळ होती, आणि एका ओळीवरून ती नक्षी कुठल्या कारखान्यातली हे ते सांगू शकत. आता हाताला कंप सुटला, झाकण उघडेना, तेव्हा त्यांनी सगळा संग्रह संग्रहालयाला द्यायचं ठरवलं होतं. आज त्याचीच नोंद चालली होती. धाकटा परदेशात. "ताई, त्या डबड्यांचं काय ते एकदा उरकून टाका," असं फोनवर सांगून तो मोकळा झाला होता.

उघडायचं काम बाई करत होत्या. थोरली दोन हात अंतरावर स्टुलावर बसून नुसती बघत होती.

आणि हेच टेबल एके काळी तिचं होतं... बाराव्या वर्षी ती डोळे मिटून घड्याळ खोलायची आणि जुळवायची. "माझ्यापेक्षा हिचा हात हलका आहे," असं अप्पा गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून सांगायचे, आणि दुकान तिच्या नावावर करायचे मनसुबे रचायचे. सत्ताविसाव्या वर्षी ते सगळं एका दुपारी संपलं. तेव्हापासून ती चौकातल्या चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती. दांड्यांचे इवलेसे स्क्रू बसवायचे, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, संध्याकाळी घरी येऊन दोघांचा स्वयंपाक करायचा. दोन स्थळं आली होती. अप्पांकडे कोण बघणार म्हणून तिनेच ती परत पाठवली. ज्याने तोंड फिरवलं त्याच्यासाठीच! माणसाचं काळीज कसल्या धातूचं असतं, देव जाणे.

त्या दुपारी काय झालं होतं, ते आता जिवंत माणसांत तिच्या एकटीलाच ठाऊक होतं.

अप्पांच्या संग्रहात एक राणी होती. दोन रंगांची नक्षी, राखाडी लाटांमधून सोनेरी रेघा गेलेल्या. तसं दुसरं घड्याळ आसपासच्या कुठल्याच जाणकाराने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं. फोटो काढायचा म्हणून अप्पांनी ते पाठ उघडून काचेच्या घुमटाखाली ठेवलं आणि दाढी करायला बाहेर गेले. आई दोनच आठवड्यांपूर्वी हृदयाच्या झटक्यातून उठली होती. बसून बसून कंटाळलेली, नवऱ्यासाठी काहीतरी करावं म्हणून जीव तुटणारी. तिने घुमट उचलला. आत तिला राखाडी रेघा दिसल्या. बिचारीला वाटलं, कळंक चढलाय.

थोरली घरात आली तेव्हा आईच्या हातात ओला फडका होता आणि चेहऱ्यावर नव्या नवरीचं हसू.

"बघ ग, कसं आरशासारखं झालं. उद्या चारचौघांत न्यायचं, आणि किती तो मळ! यांचं लक्षच नसतं."

थोरलीने पाहिलं. लाटा नव्हत्या. सोनेरी रेघा नव्हत्या. नुसता गुळगुळीत, मुका धातू... तिच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तिच्या चेहऱ्यावरून आईला सगळं कळलं. आईचा हात छातीशी गेला. जिन्यावर अप्पांची पावलं वाजत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना कसलाही धक्का बसता कामा नये. आणि अप्पांचा राग तर सगळ्या गल्लीला माहीत होता.

तिने आईच्या मुठीतून फडका काढून घेतला. बस्, इतकंच केलं तिने. पुढचं आपोआप झालं.

"मी पुसलं, अप्पा. मला मळ वाटला."

अप्पांनी तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळाकडे एकदाच पाहिलं, पाठ मिटली, आणि तिच्या गळ्यातलं भिंग दोरीसकट काढून घेतलं. "ज्याला नक्षी आणि डाग यातला फरक कळत नाही, त्याने या टेबलापाशी बसू नये," ते म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. फरक इतकाच की इथे संन्याशीण स्वतःहून पुढे झाली होती आणि चोर तर चोर नव्हताच, एक भोळं, आजारी, प्रेमळ माणूस होतं.

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. "सांगू दे ग मला त्यांना. तुझं ताट समोर आलं की घास उतरत नाही माझा," असं ती कितीदा तरी म्हणाली. थोरली तिच्या तोंडावर हात ठेवायची. "तू बोललीस तर माझं सगळं वाया जाईल, आई. मला काही कमी आहे का?" आणि शेवटच्या दिवशी, दवाखान्यातल्या खाटेवर, आईने तिची बोटं एकेक करून कुरवाळली आणि काही न बोलता गेली.

कमी एकच होतं. अप्पांनी डोळे मिटायच्या आत एकदा तिला 'बस' म्हणावं. पण ते मिळवायचं तर मेलेल्या आईचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि ते तिच्याने होणार नव्हतं.

"चाळीस झाली," बाई म्हणाल्या. "यादीत एकेचाळीस आहेत."

अप्पांनी खालच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. "आहे तिथे. फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं. त्यात बघण्यासारखं काही नाही. मी स्वतः त्याला पुन्हा हात लावलेला नाही."

"तरी नोंद करावी लागेल, काका."

बाईंनी कापड सोडलं, पाठ उघडली, भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ त्या वाकून बघत होत्या.

"अरेरे," त्या शेवटी म्हणाल्या. "कुणी केलं हो हे? घड्याळातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाचं काम आहे. स्क्रू न काढताच वरून घासलंय. खाचांत पूड अजून तशीच आहे. गुलाबी आहे. दंतमंजन असावं."

अप्पांची मान सावकाश वर आली.

"भिंग द्या इकडे."

भिंग डोळ्याशी धरताना त्यांचा हात इतका हलत होता की बाईंनी मनगट धरलं. ज्या माणसाने एका ओळीवरून कारखाना ओळखावा, त्याने सतरा वर्षांत हा एक पृष्ठभाग वाचला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. थोरलीला खोलीतल्या सगळ्या घड्याळांची टिकटिक एकदम ऐकू येऊ लागली. नका बघू, अप्पा... तिचं मन आक्रंदत होतं. नका ना बघू.

"तुला स्क्रू काढता येत होते," अप्पा म्हणाले. भिंग तसंच डोळ्याला. सतरा वर्षांनी ते तिच्याशी या टेबलावरून घड्याळाच्या कामाबद्दल बोलत होते.

"हो, अप्पा."

"मग का नाही काढलेस?"

"घाई होती."

"मंजन कुठून आणलंस? आपण दोघं पेस्ट वापरायचो. मंजनाचा डबा एकटीचाच होता या घरात."

"हाताशी होतं ते घेतलं." तिचा आवाज फुटला. "मीच केलं, अप्पा. तेव्हाच सांगितलं ना मी तुम्हाला. आता कशाला उकरून काढता?"

अप्पांनी भिंग खाली ठेवलं. त्यांचा चेहरा एकदम फार म्हातारा दिसू लागला.

"तिला वाटलं, डाग आहेत," ते पुटपुटले. "लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आमच्या. याच टेबलावर रोज चहाचा कप आणून ठेवायची. एकदा म्हणाली होती, मला पण दाखवा ना, एवढं काय असतं आत. मी म्हटलं, तुला काय कळणार आहे त्यातलं... एकेचाळीस घड्याळं होती. एकही नाही दाखवलं तिला."

थोरलीने तोंड ओंजळीत लपवलं. बाई अवघडून वहीची पानं चाळत राहिल्या, आणि मग, काम तर उरकायला हवं, म्हणून हळूच म्हणाल्या, "काका, नुकसान कशामुळे, तो रकाना भरावा लागतो."

"माझ्या हातून," थोरली घाईघाईने म्हणाली. "लिहा तसं."

"नाही." अप्पांनी बोट वहीवर टेकवलं. "मालकाच्या हातून. मालकाच्या, असंच लिहा. मी सही करतो."

सही वेडीवाकडी आली. बाईंनी एकेचाळीस घड्याळं कप्प्याकप्प्यांच्या पेटीत बसवली, पावती दिली, नमस्कार केला आणि पेटी घेऊन त्या जिना उतरून गेल्या. खोलीतली टिकटिक त्यांच्याबरोबर गेली. टेबलावर हिरवं कापड उरलं, आणि त्यावर गोल गोल फिकट खुणा.

अप्पांनी शेजारची खुर्ची ओढली. ती जड होती, दोनदा अडकली. थोरली मदतीला उठली तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"बस."

ती बसली. सतरा वर्षं ज्या एका शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता, तो असा मिळाला. पुढ्यात उघडायला एकही घड्याळ नव्हतं. तिने हात टेबलावर ठेवले. बोटांची पेरं चष्म्याच्या तारांनी घट्टे पडून जाड झाली होती. तो हलका हात आता तिचा राहिला नव्हता, आणि ते अप्पांनाही दिसत होतं.

"मी वेळ लावला," अप्पा म्हणाले. अश्रू त्यांच्या गालांवरून सरळ कापडावर पडत होते आणि ते पुसत नव्हते. "आता तुला द्यायला या टेबलावर काहीच राहिलं नाही ग."

"मला घड्याळं कुठे हवी होती, अप्पा? तुम्ही नुसतं शेजारी बस म्हणावं, एवढंच हवं होतं." ती थांबली. पुढचं बोलावं की नाही, हे तिला कळेना. आणि मग सतरा वर्षांत पहिल्यांदाच तिने त्यांच्यापासून काही राखून ठेवलं नाही.

"आईलाही तेवढंच हवं होतं."