न वेचलेली मोहफुलं

मंजुषाची झोप उडाली होती ती चंचलच्या मुकेपणापायी. पोरीला तीन वर्षं होऊन गेली, तरी तोंडातून शब्द म्हणून नाही. ऐकू येतं, हसते, बोट दाखवते. पण ‘आई’ म्हणत नाही. सासू म्हणायची, “बोलंल, घाई काऊन करतेस?” आणि मंजुषा रात्रभर कूस बदलत आठवायची, गरोदरपणी आपलं कुठं चुकलं. बी.एस्सी. झालेल्या बाईनं असलं मानू नये, हेही ती स्वतःला बजावायची. मानायची ते मानायचीच.

सकाळी पोरीला कडेवर घेऊन ती कामावर निघाली. धानोऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका लहानशा दवाखान्यात ती खोटं मांस शिजवायची. नवे डॉक्टर सोनोग्राफीत बघून गाठीत सुई घालायला शिकत. पहिला हात जित्या माणसावर नको, म्हणून हा खटाटोप. मंजुषा जिलेटिन उकळायची, पडद्यावर मांसासारखं दाणेदार दिसावं म्हणून त्यात इसबगोल ढवळायची, आणि डब्यात गोठता गोठता आत गाठी म्हणून द्राक्षं सोडायची.

त्या दिवशी ब्रह्मपुरीहून द्राक्षं आलीच नाहीत. पण दवाखान्यामागच्या मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. पिवळट, गरगरीत, अगदी द्राक्षांसारखी फुलं. चैत्रात या भागात उजाडायच्या आत प्रत्येक मोहाखाली कुणी ना कुणी टोपली घेऊन बसलेलं असतं. या झाडाखाली मात्र कुणीच नव्हतं. आपलं नशीब, असं म्हणत मंजुषानं सात फुलं उचलली, पाण्यात दाबून त्यांतली हवा काढली आणि जिलेटिनात सोडली.

दुपारी मॉडेल तपासायला तिनं सोनोग्राफीच्या खोलीचे पडदे ओढले. अंधार झाला. थंडगार जिलेटिनाला मोहाचा गोड, आंबूस वास सुटला होता. चंचल स्टुलावर पाय हलवत बसली होती. मंगलीबाई, दवाखान्यातली म्हातारी आया, फरशी पुसत होती.

“आज काय शिजवलं, मंजुषाबाई? काळीज का किडनी?”

“गाठी. खायच्या का?”

मंगलीबाई हसली.

मंजुषानं डब्यातल्या जिलेटिनावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. मशीनच्या पडद्यावर सात काळे गोल उमटले. छान. मग एका गोलात काहीतरी पांढरं लुकलुकलं. आपलाच हात हलला असेल, तिला वाटलं. रात्रभर जागल्यावर दुसरं काय होणार? तिनं कोपर टेबलावर रोवलं, श्वास धरला. लुकलुक थांबली नाही. दुसऱ्या हातानं तिनं स्वतःची नाडी धरली. पडद्यावरची लय तिच्या नाडीच्या दुप्पट होती, तान्ह्या बाळाच्या ठोक्यांसारखी.

आता ती सातही गोलांत चालू होती.

“मंगलीबाई... इकडं या जरा.”

मंगलीबाईनं पडद्याकडे पाहिलंच नाही. डब्यावर वाकून तिनं वास घेतला.

“हे फुलं कुठले?”

“मागच्या झाडाखालचे. कोणी वेचतच नव्हतं...”

“काऊन वेचत नाई, हे नाई विचारलं कोणाले?” तिचा आवाज खाली गेला. “दूधपितं लेकरू गेलं, का आम्ही त्याले मोहाखाली मातीत ठेवतो, बाई. झाड दूध पाजते त्याले. इथी जे वाचले नाई, ते सारे त्याच झाडाखाली हायेत.”

मंजुषानं प्रोब झटकन उचलला. तो तिच्या हातात हवेत लटकत होता. पडदा कोरा व्हायला हवा होता. सात गोल जागचे हलले नाहीत.

“बंद कर ते,” मंगलीबाई कुजबुजली. “पोरीले घे...”

मंजुषानं भिंतीवरचं बटण दाबलं. पडदा विझला, मशीनचा पंखा थांबला. त्या शांततेत ती वळली, तर स्टूल रिकामं. चंचल डब्याजवळ उभी होती, गार जिलेटिनावर कान टेकवून.

“आई,” ती म्हणाली.

स्वच्छ, ठसठशीत. मंजुषाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं दोन्ही हात पसरले. पण पोर तिच्याकडे बघतच नव्हती. कुणाचा निरोप नीट ऐकून घ्यावा तशी ती थोडी थांबली, आणि मग म्हणाली,

“हे सारे तुले आई म्हणून राह्यले.”