ताईचा कोट

ते मोबाइल आधी पालथे घाला. तोंडं निळी दिसतायत तुमची, त्यापेक्षा भुतं बरी. आणि हसायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. आम्ही त्याला कापूस म्हणायचो, कारण त्याचा धंदाच तो. कपड्यांची गॅलरी असते ना, जुने कपडे काचेमागे कला म्हणून मांडतात ती? तिथले बिनडोक्याचे पुतळे तो करायचा. जुना कपडा ओढूनताणून चढवला तर फाटतो. म्हणून कपड्याला सुरकुती राहणार नाही अशा बेताने पुतळ्यालाच कापूस भरत जायचं. म्हणजे कपडा ज्याच्या अंगावर मुरला, त्याचंच अंग तयार होतं.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. शुक्रवारी उद्घाटन. एका कोटाची पाठ नीट बसत नव्हती म्हणून कापूस संध्याकाळी गॅलरीत गेला. कोट त्याच्या ताईचा. ताई भरतकाम करायची. जिवाभावाच्या मैत्रिणीबरोबर तिने दुकान काढलं होतं. हा कोट मात्र तिने स्वतःसाठी भरला, सवडीने, एकेक पान करत. ती गेली आणि कापसाने तो जिवापाड जपला. मैत्रीण पुढे मोठी डिझायनर झाली. एक दिवस घरी आली, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "प्रदर्शनाला दे रे. पाटीवर तिचं नाव आधी, माझं नंतर."

याने दिला. भोळा हो, अगदी भोळा.

तर त्या रात्री शेवटची सुरकुती गेली. तो मागे सरकून बघतो तर पुतळ्याचा डावा खांदा खाली उतरलेला. ताईचा होता तसाच, जन्मभर भरतकामाच्या चौकटीवर वाकून वाकून उतरलेला. भीती नाही वाटली त्याला. उलट बरं वाटलं. म्हणाला, "आलीस होय ताई? उद्या बघ, तुझं नाव लागतंय."

पाटी बाजूलाच कागदात गुंडाळून ठेवली होती. त्याने हौसेने सोडली.

एकच नाव. मैत्रिणीचं.

पाटी हातातच होती, म्हणून त्याने मैत्रिणीला फोन लावला तो स्पीकरवर टाकून पुतळ्याच्या पायाशी ठेवला.

"बाई, ताईचं नाव राहिलंय."

"राहिलं नाही. कल्पना माझी होती, तिने नुसतं शिवलं. आता उकरून काढू नकोस. पुढेही काम हवंय ना इथे?"

केसाने गळा कापला बाईने. त्याच्या डोक्यात नुसती आग. आणि तोंडातून काय निघालं?

"बरं."

फोन बंद झाला. मागे आवाज आला...

टक्.

दोरा दाताने तोडल्यासारखा. ताईला कात्री लागायचीच नाही... दातानेच तोडायची.

टक्.

तो वळला. पुतळा जागेवर. फक्त... पाठ याच्याकडे.

"ताई... मी नाही गं... मलाच फसवलं तिने..."

टक्. टक्. टक्.

दिवा गेला. याची बोबडी वळली. अनवाणी पळाला.

सकाळी सगळ्यांसमोर दार उघडलं. पुतळा सरळ उभा, अंगावर कोट. कोरा. भरलेलं एक पान नाही, खाली दोऱ्याचं तूस नाही. शेजारी पाटीवर बाईचं नाव, चांगलं ठळक. बाईच्या तोंडचं पाणी पळालं. कापूस गर्दीत मागे उभा होता, मनातून सुखावला. ताईने आपलं ते परत नेलं, असं त्याला वाटलं. त्याच आनंदात घरी गेला.

बायको दारातच उभी. हातात बाळाचं दुपटं, ताईने भरलेलं. कोरं. आत उशांचे अभ्रे कोरे. त्याच्या लग्नातल्या सदऱ्याची कॉलर... कोरी. ताईने त्या घराला जे जे भरून दिलं होतं, ते सगळं गेलं.

ती गेली तेव्हाही मी त्याला इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

ते दुपटं मी स्वतः उजेडासमोर धरून पाहिलंय, पोरांनो. कापडाला सुईचं एक भोक नाही...